तारीख उलटलेल्या डब्यांचं काय करायचं?

आत्या बंगळुरूला मुलाकडे गेली, ती नातवाच्या बारशापुरती. तिथेच रमली. तिला जाऊन चौदा महिने झाले होते तेव्हा मला इंदूरला नोकरी लागली आणि तिच्या रामबागेतल्या घराची किल्ली माझ्या हातात आली. किल्लीबरोबर अट एकच: "कोठीत बरंच सामान आहे, ते संपव. टाकू नकोस रे काही, सियागंजच्या बाजारातून निवडून आणलेलं आहे."

कोठीच्या खोलीत मी मोजले तेव्हा एकाहत्तर डबे, नऊ बरण्या आणि गव्हाची पत्र्याची कोठी निघाली. मला तोवर पोहे आणि अंडाभुर्जी एवढंच येत होतं. श्रावण ते दिवाळी या तीन महिन्यांत जे शिकलो त्यातलं निम्मं स्वतःच्या चुकांनी, उरलेलं शेजारच्या काकूंची आणि फोनवरून आत्याची बोलणी खाऊन. तुमच्याही वाट्याला अशी भरलेली कोठी आली असेल, म्हणजे सासरचं घर, आजीचं घर किंवा स्वतःचंच वर्षभर न उघडलेलं फडताळ, तर माझ्या चुका तुम्ही परत करू नका.

आधी हे जवळ ठेवा

- पांढरी जुनी चादर किंवा मोठी परात. पांढऱ्यावर किडा लगेच दिसतो.
- सूप आणि दोन चाळण्या, एक पिठाची, एक रव्याची.
- मोबाइलचा टॉर्च. तारखा वाचायला भिंग मिळालं तर बरंच.
- मार्कर, कागदी चिकटपट्टी, एक वही.
- नाकावर बांधायला मास्क. जुन्या पिठाची धूळ आणि बुरशी नाकात जाऊ नये म्हणून. वास घ्यायचा तेव्हाच खाली करा.
- लिंबू, खायचा सोडा, छोटं कढलं.
- फ्रीजरमध्ये एक रिकामा कप्पा. हा आधीच करून ठेवा, ऐनवेळी होत नाही.

१. ऊन असलेला दिवस निवडा, आणि एका दिवशी एकच फळी

मी नेमका श्रावणात बसलो. रविवार होता, बाहेर झड लागलेली, म्हटलं आज उरकून टाकू. सगळे डबे एकदम उघडून जमिनीवर मांडले. संध्याकाळपर्यंत ट्यूबलाइटभोवती बारीक तपकिरी पाखरं फिरायला लागली. ती रव्याच्या डब्यातून निघाली होती. पुढचा महिनाभर ती मला भेटत राहिली: शेवयांत, सुक्या मेव्यात, मिरच्यांत, एकदा तर देवघरातल्या कापसात. शिवाय पावसाळी हवेनं पापड आणि पोहे सादळले ते वेगळंच.

जुनी माणसं हे काम चैत्र-वैशाखात करायची, नवा गहू भरायच्या आधी. त्या दिवसांत माळव्यातली हवा इतकी कोरडी असते की उघडा ठेवलेला पापडसुद्धा कडक होतो. पावसाळ्यातच करावं लागलं तर एक फळी घ्या, डबा उघडा, बघा, लगेच झाकण लावा. आणि एका बैठकीला दहा-बारा डब्यांच्या पुढे जाऊ नका, कारण नाक थकतं. पंधराव्या डब्यानंतर मला खवट खोबरं आणि ताजं खोबरं एकसारखंच वाटायला लागलं होतं.

२. तारीख वाचायला शिका

पाकिटावर दोन प्रकारची तारीख असते आणि दोन्हींचा अर्थ एक नाही. 'बेस्ट बिफोर' ही चवीची तारीख. त्यानंतर वस्तू थोडी शिळपट, फिकी होते, पण नीट ठेवलेली असेल तर खाण्याजोगी असू शकते. 'एक्स्पायरी' किंवा 'युज बाय' ही शेवटची तारीख. एफएसएसएआय म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलिंग नियमांनी 'एक्स्पायरी/युज बाय' छापणं सक्तीचं केलं आणि 'बेस्ट बिफोर' ऐच्छिक ठेवलं. त्यामुळे जुन्या पाकिटांवर नुसतं 'बेस्ट बिफोर सिक्स मंथ्स फ्रॉम पॅकेजिंग' दिसेल आणि पॅकिंगची तारीख दुसऱ्याच कोपऱ्यात शोधून बोटांवर महिने मोजावे लागतील. माझा नियम सोपा आहे: 'एक्स्पायरी' उलटली की ते मी खात नाही, वाद घालत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या 'बेस्ट बिफोर' उलटलेल्या आणि सुट्या मालासाठी आहेत.

दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, छापलेली तारीख बंद पाकिटाची असते. पाकीट फोडून डब्यात ओतलं की तिचा हिशेब संपला. दोन, कोठीतला बहुतेक माल सुटाच असतो, त्याला तारीखच नसते. आत्याच्या कोठीत पाकिटं तिसऱ्या हिश्श्याएवढीही नव्हती. मग मी फळ्यांवर अंथरलेल्या जुन्या पेपरांवरून अंदाज बांधला. खालच्या फळीवर मार्च २०१९ चा 'नई दुनिया' होता आणि त्यावर डब्यांचे गोल ठसे पक्के उमटले होते. म्हणजे तिथले डबे तेव्हापासून फारसे हललेच नव्हते. सरळ पुरावा नाही हा, पण कुठून सुरुवात करायची ते कळलं.

३. न चाखता टाकायच्या वस्तू

इथे काटकसर बाजूला ठेवा.

*फुगलेला, गळणारा किंवा सांध्यावर गंजलेला पत्र्याचा डबाबंद माल.* आत्याकडे रसगुल्ल्याचा एक डबा होता, झाकण वर आलेलं. "उघडून तरी बघू" असं मनात आलं, तेच करायचं नाही. अशा डब्यात बॉट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष असू शकतं आणि त्याला वास किंवा चव असेलच असं नाही. न उघडता जाड पिशवीत गुंडाळून बाहेर.

*बाळाचं अन्न, दूध पावडर, बाळासाठीची कुठलीही भुकटी.* तारीख उलटली की संपलं. आणि ओघात सांगतो, मध वर्षानुवर्षं टिकतो, दाणेदार झाला तर बरणी कोमट पाण्यात ठेवली की पातळ होतो, पण एक वर्षाखालच्या बाळाला तो ताजासुद्धा द्यायचा नाही.

*बुरशी आलेलं काहीही, विशेषतः शेंगदाणे, मका आणि सुकं खोबरं.* काकूंचं म्हणणं होतं की वरचे काळे दाणे काढून बाकीचे खरपूस भाजले की झालं. तसं होत नाही. शेंगदाण्या-मक्यावरच्या एका बुरशीतून अफ्लाटॉक्सिन तयार होतं, ते यकृतावर घाव घालतं आणि घरच्या भाजण्या-शिजवण्यानं जात नाही. हे काही परदेशातलं प्रकरण नाही. १९७४ मध्ये आपल्या शेजारच्या, राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागातल्या आदिवासी गावांत बुरशी आलेला मका खाऊन कावीळ पसरली आणि १०६ माणसं गेली. पावसात भिजलेलं पीक, नीट न वाळलेलं, आणि घरात दुसरं धान्य नाही. आपल्या घरात दुसरं धान्य आहे.

*गव्हाच्या कोठीतल्या पुरचुंड्या.* कोठीत हात घालण्याआधी टॉर्चनं बघा. कडुनिंबाचा पाला निघाला तर उत्तम. कापडात बांधलेल्या गोळ्या किंवा करडी पूड निघाली तर तोंड जवळ नेऊ नका. आपल्याकडे ज्याला सल्फास म्हणतात त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या काही लोक अजून धान्यात टाकतात. ओलाव्यानं त्यातून विषारी वायू सुटतो. घरातल्या धान्यात ती वस्तू असताच कामा नये. खिडक्या उघडा, पाणी लागू देऊ नका, मुलांना लांब ठेवा आणि त्या कोठीतलं धान्य विसरा. पाऱ्याच्या गोळ्याही तशाच, ते धान्य खायचं नाही. तांदळाला बोरिक पावडर लावलेली असेल तर दाणे हाताला गुळगुळीत आणि पांढुरके लागतात. ते पाणी नितळ येईपर्यंत चार-पाचदा चोळून धुवा आणि लहान मुलांना, गरोदर बाईला तो भात वाढूच नका. तूरडाळीला लावलेल्या एरंडेलाचं भय नाही, गरम पाण्यानं निघतं.

*नाव नसलेली पांढरी पूड.* तांदळाची पिठी, आरारूट, पिठीसाखर, बोरिक, सगळी एकसारखी दिसतात. जिभेवर ठेवून ओळखायचा मोह होतो. मी एक अख्खा डबा न ओळखता टाकून दिला.

४. तारखेआधी तेल बघा

इतक्या डब्यांतून मला एक गोष्ट नीट कळली असेल तर ती ही. कोरडी वस्तू खराब होण्याचा वेग तारखेवर कमी आणि तिच्या अंगात तेल किती आहे यावर जास्त ठरतो. तेलाला हवा लागली की ते खवट होतं. दाणा अख्खा असेल तर ते आत झाकलेलं राहतं, दळला की उघडं पडतं. म्हणून अख्खा गहू दोन वर्षं राहतो आणि त्याचीच कणीक दोन महिन्यांत कुबट लागते. बाजरीचं पीठ तर सगळ्यात नाजूक, आठ-पंधरा दिवसांत कडू. म्हणूनच जुन्या बायका ते लागेल तसंच दळून आणायच्या.

तर उघडायचा क्रम असा लावा. आधी शेंगदाणे, खोबरं, तीळ, अक्रोड, जवस, शेव-फरसाण आणि पिठं. मग बेसन, रवा, पोहे, दलिया. शेवटी तांदूळ, डाळी, साबुदाणा. साखर आणि मीठ तर उघडूही नका, ती कुठे जात नाहीत. फार तर गठ्ठा होतो, आणि जुन्या मिठातलं आयोडीन बरंचसं उडून गेलेलं असतं, म्हणून ते रोजच्या स्वयंपाकाला न वापरता भांडी घासायला ठेवलं तरी चालेल.

खवटपणा थंड वस्तूत लपतो. एक चमचा कढल्यात घालून मंद आचेवर कोमट करा आणि मग वास घ्या. रंगाच्या डब्यासारखा किंवा तेलाच्या जुन्या बाटलीच्या बुचासारखा वास आला तर तो डबा गेला.

हे मला राखीच्या आदल्या दिवशी माहीत नव्हतं. बहीण येणार होती. बेसनाचा डबा उघडला, वास ठीक वाटला, किडा नाही. पाऊण किलो बेसनात साडेतीनशे ग्रॅम तूप घालून मी तासभर भाजत बसलो. मध्येच काहीतरी वेगळा वास आला, पण तूप आहे, वेलची घातली की जाईल, अशी समजूत करून घेतली. लाडू दिसायला सुरेख झाले. बहिणीनं एक घास खाल्ला आणि विचारलं, "दादा, हे कशाचे केलेस?" घशाशी कडवट, खवट चव राहत होती. बेसन तसंही जाणारच होतं, पण चांगलं तूप, साखर आणि काजू बरोबर घेऊन गेलं. तेव्हापासून संशयाच्या वस्तूत नवी, महाग वस्तू घालत नाही. आधी त्या डब्याचं एखादं धिरडं करून खातो, आणि ते गोड लागलं तरच पुढचं.

खवट तेल किंवा तूप निघालं तर पोटात नको. दिव्याला चालतं, दाराच्या बिजागऱ्यांना चालतं. सिंकमध्ये ओतू नका, पाइप तुंबतो.

५. किडे लागले म्हणजे सगळं गेलं असं नाही

काय लागलंय ते ओळखा. तांदूळ-गव्हातले काळे सोंडे आणि मूग-हरभऱ्याला गोल भोकं पाडणारे भुंगे हे निवडता येतात. चादरीवर पातळ पसरून उन्हात ठेवा, सोंडे आपणहून कडेच्या सावलीकडे चालू लागतात. मग पाखडा, चाळा, धुवा. धुताना जे दाणे वर तरंगतात ते आतून पोखरलेले, ते पाण्याबरोबर ओतून द्या. मूठभर तरंगले तर बाकीचे खा. निम्मे तरंगले तर काय उरलं ते तुम्हीच बघा.

रवा, मैदा, कणीक यांत जाळी धरली असेल, म्हणजे चाळणीत पीठ दोऱ्यासारखं लोंबतंय, तर चाळून उपयोग नाही. अंडी आणि विष्ठा पिठाच्या मापाचीच असते. ते टाका.

निवडून चांगलं निघालेलं धान्य पिशवीत बांधून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे न दिसणारी अंडीही मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी तशीच बंद ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. लगेच उघडलीत तर आत पाणी धरतं आणि आतापर्यंत नसलेली बुरशी येते.

६. आता शिजवा

*डाळी आणि कडधान्यं.* जुनी डाळ वाईट नसते, हट्टी असते. उष्ण, दमट जागी पडून राहिलेलं कडधान्य असं घट्ट होतं की सहा शिट्ट्यांनंतरही गणंग दाताखाली येतात. मी जास्त शिट्ट्या काढून बघितल्या, बाहेरची डाळ लापशी झाली आणि गणंग तसेच. उपाय भिजवण्यात आहे. रात्री लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा मीठ घालून भिजवा, सकाळी ते पाणी फेका, नव्या पाण्यात वाटीभर कडधान्याला पाव चमचा खायचा सोडा घालून शिजवा. टोमॅटो, चिंच, आमसूल पूर्ण शिजल्यावरच. आंबट आधी पडलं की दाणा आणखी आवळतो. सोडा यापेक्षा जास्त नको, साबणासारखी चव येते आणि बी-१ जीवनसत्त्व जातं. कुकर निम्म्याच्या खाली भरा, कारण सोड्यानं फेस येतो आणि तो शिट्टीत अडकतो.

आणि पाणी बघा. आमच्याकडे दोन नळ आहेत, एक जलूदहून येणाऱ्या नर्मदेचा, एक बोरिंगचा. बोरिंगच्या जड पाण्यातल्या चुन्यानं डाळ शिजायला आणखी उशीर लागतो. मी आठवडाभर बोरिंगच्या पाण्यात डाळ लावून आत्याच्या डाळीला नावं ठेवत होतो.

जुना राजमा असेल तर भिजवलेलं पाणी टाकून किमान दहा मिनिटं खळखळ उकळलाच पाहिजे. अर्धवट शिजलेला राजमा पोट बिघडवतो, जुना काय आणि नवा काय.

*भाजणी.* इतकं करूनही न शिजणाऱ्या डाळींना मराठी घरात आधीच उत्तर होतं. शिजत नाही ना, मग भाजून दळा. माझं प्रमाण काकूंच्या देखरेखीखाली ठरलेलं: ज्वारी दोन वाट्या, तांदूळ दोन वाट्या, हरभरा डाळ एक वाटी, उडीद डाळ अर्धी, गहू अर्धी, धणे अर्धी, जिरे दोन चमचे. मूग, मसूर, मटकी जे काही मूठ-मूठ उरलंय ते यात जातं. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर. एकत्र भाजाल तर जिरे जळतील आणि उडीद कच्चे राहतील. गार झाल्यावर चक्कीवर द्या, आणि चक्कीवाल्याला आधी कुणाची मिरची किंवा मका दळला नाही ना ते विचारा. मी विचारलं नव्हतं. पहिल्या थालीपिठानं डोळ्यांत पाणी आणलं. एक मात्र, भाजणी झाली की ती पीठ झाली, म्हणजे चौथ्या पायरीचा नियम लागू. महिना-दीड महिन्यात संपेल एवढीच करा. अकरा डब्यांतलं उरलंसुरलं मी दोन घाण्यांत संपवलं.

*गहू.* आत्याचा गहू शरबती, चांगला चाळीस किलो, थोडे सोंडे सोडले तर स्वच्छ. जुन्या गव्हाची पोळी जरा कोरडी होते, म्हणून निम्मा नव्यात मिसळून दळला. बाकीचा भरडा दळून आणला आणि बाफले केले. बाफल्याला जाडंभरडं पीठच लागतं, आधी उकळत्या पाण्यात शिजतं, मग भाजलं जातं, मग तुपात बुडतं, त्यामुळे गव्हाच्या वयाचा पत्ता लागत नाही. इंदूरच्या मराठी घरांत रविवारी दाल-बाफले होतात तेव्हा कुणी गव्हाचं साल विचारत नाही. तूप मात्र ताजं.

*तांदूळ.* जुना तांदूळ ही अडचण नव्हेच, त्याचा भात मोकळा होतो. पाणी नेहमीपेक्षा पाव वाटी जास्त.

*पोहे.* कोमट करून खवट नाहीत याची खात्री झाली तर चिवडा करा. कांदेपोह्यांना जुने पोहे घेऊ नका, भिजवताना लगदा होतो, आणि या शहरात लगदा झालेले पोहे पाहुण्याला वाढणं म्हणजे अब्रूचा प्रश्न.

*रवा, साबुदाणा, शेवया.* जाळी नसेल तर रवा कोरडा भाजून उपमा. साबुदाण्याला कुबट वास नसेल तर तो नेहमीपेक्षा दोन तास जास्त भिजवा. शेवयांची खीर.

*मसाले.* अख्खे मसाले खराब होत नाहीत, मुके होतात. तळहातावर चोळून वास येतो का बघा. थोडा येत असेल तर धणे, जिरे, बडीशेप, दोन लवंगा, लाल मिरच्या भाजा, आमचूर आणि काळं मीठ घालून बारीक करा, झालं तुमचं जिरावण. पोह्यांवर, काकडीवर, पेरूवर महिनाभर पुरतं. दळलेल्या तिखटात आणि धणेपुडीत किडे होतात, ती चाळूनच वापरा. रंग विटकरी झालेलं तिखट टाका.

*सोडा, बेकिंग पावडर, यीस्ट.* सोड्यावर लिंबू पिळा, बेकिंग पावडरवर गरम पाणी घाला. जोरात फसफसलं तर चालू आहे. यीस्ट साखरेच्या कोमट पाण्यात दहा मिनिटांत फुललं नाही तर मेलेलं.

*लोणचं.* तेल वरपर्यंत असेल, बुरशी नसेल, वास आंबट-मसालेदार असेल तर वर्ष झालं तरी खा. वर केसाळ बुरशी असेल तर चमच्यानं काढून खाली खायचं नाही, बरणी रिकामी करा. आमसुलं चार वर्षांचीही उत्तम निघाली, फक्त काळी पडली होती.

आणि हे प्रयोग धडधाकट मोठ्या माणसांवर. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, आजारी किंवा खूप वयस्कर कुणी असेल तर त्यांच्या ताटात ताजंच जाऊ द्या.

७. टाकायचं तेही नीट

इंदूरला नवीन असाल तर हे वाचून ठेवा, नाहीतर गाडीवाल्यासमोर लाज जाते. डबा तसाच उचलून कचऱ्याच्या गाडीत टाकता येत नाही. अन्न गिल्या म्हणजे ओल्या कचऱ्यात, पाकीट सुक्यात, आणि प्रत्येक पाकीट आधी रिकामं करायचं. मी पहिल्या दिवशी न फोडलेली सात पाकिटं दिली, ती गाडीवाल्यानं सात आवाजांत परत केली. २०१७ ते २०२३ स्वच्छतेत पहिल्या आलेल्या शहराचे काही नखरे असणारच. गिला कचरा पुढे देवगुराडियाला जातो. तिथे २०२२ मध्ये सुरू झालेला, कचऱ्यापासून गाड्यांचा गॅस करणारा, रोज ५५० टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प आहे. आत्याचं बेसन एखाद्या सिटी बसमध्ये जळलं असेल, एवढंच समाधान.

"टाकू नको, गाईला घाल." हा सल्ला तुम्हाला निदान तिघं देतील. सोंडे लागलेला गहू पाखडून घाला, हरकत नाही. बुरशीचे दाणे, मका, पेंड घालू नका. गाईनं खाल्लेलं अफ्लाटॉक्सिन रूप बदलून दुधात उतरतं, म्हणूनच दुधात ते किती चालेल याची मर्यादा आपल्या नियमांत घालून दिलेली आहे, किलोला अर्धा मायक्रोग्रॅम. कबुतरांनाही तेच. आणि जे आपण मुलाला देणार नाही ते मंदिराबाहेर कुणाच्या हातात ठेवू नका. आत्याला हे फोनवर सांगायला मला दोन दिवस लागले. ती एवढंच म्हणाली, "बरं, मग गाडीत दे. पण मला सांगू नकोस काय काय दिलंस ते."

८. परत भरताना

डबा धुऊन, उन्हात खडखडीत वाळवून मगच भरा. जुन्यावर नवं ओतू नका. तळाचा जुना थर सगळ्याला किडे लावतो, माझा रवा असाच गेला होता. झाकणावर नव्हे, डब्याच्या अंगावर चिकटपट्टी लावून नाव आणि महिना लिहा, कारण झाकणं बदलतात. दाणे, तीळ, खोबरं फ्रीजमध्ये. पिठं महिन्यापुरती. एकट्या माणसाला एकाहत्तर डबे लागत नाहीत. माझे आता एकोणीस आहेत.

दिवाळीला आत्या आली. कोठीच्या दारात उभी राहून तिनं चिकटपट्ट्या वाचल्या, भाजणीचा डबा उघडून वास घेतला, मान हलवली. मग वरच्या फळीकडे बघत म्हणाली, "आणि तो पांढऱ्या पुडीचा मोठा डबा कुठाय रे? रांगोळी होती त्यात."